घरात राहणारी माणसं

रागिणीचं लगीन ज्या साली झालं त्या सालची ही गोष्ट, म्हणजे दोन हजार चोवीसची. शिमग्याच्या आधी पोरगी वसमतला सासरी गेली आणि हिंगोलीतल्या घराची मागची खोली मोकळी पडली. भुजंगची एकुलती एक लेक. ती गेल्यावर खोलीत तिची कंगव्यातली केसं, भिंतीवरचा आरसा आणि पावडरीचा वास एवढंच उरलं. भुजंगची बायको सत्यशीला दिवसातून कितीदा तरी त्या दारात जाऊन उभी राहायची. मग भुजंगच एक दिवस पुसेगावला गेला, धाकट्या भावाच्या घरी, आणि आईला म्हणाला, "आये, चल आता हिंगोलीला. मेंढरामागं फिरायचं वय हाय का तुहं? खोली मोकळी हाय. तेच तुहं घर." कौशल्याबाई मेंढराच्या वाड्याला काटेरी फांदी लावत होती. ती म्हणाली, "मत टाकून मंग येते. माहं नाव हितं हाय." लोकसभेचं मतदान झालं आणि ती आली. एक बोचकं, एक घोंगडी. कुणाला मत टाकलं म्हणून भुजंगनं बसमध्ये सहज विचारलं, तर म्हणाली, "ते सांगायचं नसतंय. रातीच्या वर्गाला मास्तरनं पाटीवर लिहून दिलं होतं तसं." पोरं मोठी झाल्यावर ती पाटी घेऊन बसली होती आणि अक्षरं शिकली होती. तेव्हापासून मास्तरनं सांगितलेल्या गोष्टी ती देवानं सांगितल्यासारख्या धरून होती.

श्रावणातल्या एका सकाळी दारात एक पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोठा मोबाईल, पाठीवर पिशवी. "काका, मी रूपा. सर्व्हेचं काम करते. राज्यात कोणाचं सरकार यावं, नेता कोण असावा, ह्याच्यावर लोकांचं मत घेऊन राहिलो आम्ही." ह्या पोरीची भुजंग चार दिवस वाट बघत होता. तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा जास्त जीव त्याचा पक्षात होता. वार्डातली मतं सांभाळायचं काम भाऊंनी त्याच्यावर टाकलेलं होतं. भाऊ म्हणजे त्याचे पुढारी, आमदारकीच्या तिकिटासाठी धडपडून राहिलेले. पक्षाचा शहरातला माणूस गुलाबचंद आदल्या आठवड्यात दुकानात येऊन, मशीनवर कोपर टेकवून सांगून गेला होता, "भुजंगभाऊ, सर्व्हेवाले घूम रहे है. वरून टीम आलीय. ज्याचं नाव वर निघेल त्याला तिकीट. दुसऱ्याचं जाऊ द्या, आपल्या घरातली माणसं तरी बराबर बोलली पाहिजेत. भाऊ आले तर नगरपालिकेत तुमचा नंबर पक्का." नंबर पक्का, हे दोन शब्द भुजंग दिवसभर जिभेखाली धरून बसला होता. रात्री त्यानं सत्यशीलाकडून नावं पाठ करून घेतली. आईला काही सांगितलं नाही. आईला सांगायचं म्हणजे आधी तिच्याकडून ऐकून घ्यायचं.

रूपा ओट्यावर बसली. सत्यशीला पाणी घेऊन आली. आई दाराशी सूप घेऊन मुगाच्या शेंगा सोलत होती.

"काका, घरात राहणारी अठरा वर्षांच्या वरची माणसं सांगा. त्यांच्यातला ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला, त्यालाच विचारायचं. आमचा नियम हाय तसा. म्हणजे आम्हीच आमच्या मनानं माणूस निवडू नये म्हणून."

"माहा एक जून," भुजंग म्हणाला.

"काकूंचा?"

"माहाबी एक जूनच," सत्यशीला म्हणाली. "मास्तरनं साऱ्या वर्गाचा एकच टाकला."

रूपा खळखळून हसली. "डोंगरकड्याजवळ आमचा तांडा हाय. तिथं एक जूनला सगळ्यांचा केक आणायचा म्हणलं तर ट्रक लागंल ट्रक! माझ्या आजाचा एक जून, आजीचा एक जून, आणि आज्याच्या बापाचा बी एक जून." सत्यशीलाही हसली. आईपण हसली. तिला दात थोडे होते, त्यामुळं तिचं हसू लहान लेकरासारखं दिसायचं. "मग असं करते," रूपा म्हणाली, "सगळ्यांची नावं टाकते, मोबाईलच एकाला निवडंल. आजी, तुमचं नाव सांगा?"

आईनं हातातली शेंग सुपात ठेवली. दोन्ही हात पदराला पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. भुजंगला ते सगळं सावकाश दिसलं. मोबाईलनं तिलाच निवडलं तर ती कुणाचं नाव घेईल हे त्याला खरंच माहीत नव्हतं. ती भाऊंचंही घेईल, कोण जाणे. पण तिचं तोंड उघडलेलं होतं आणि त्याच्यातून काय निघणार ते ह्या जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

"तिचं नाव नको," तो म्हणाला. "ती पाव्हणी हाय. गावाकडनं आलीय चार दिस."

"बरं," रूपा म्हणाली. पाहुण्यांना धरायचं नाही असाही त्यांचा नियम होता. तिचं बोट मोबाईलवर एकदा टेकलं आणि उचललं. मोबाईलनं सत्यशीलाला निवडलं. सत्यशीलानं पाठ केलेली नावं बराबर सांगितली. तुमच्या भागातली मोठी अडचण कोणती, ह्या प्रश्नाला मात्र तिला काही शिकवलेलं नव्हतं. ती "पाणी" म्हणाली आणि चुकलं का म्हणून नवऱ्याकडं बघितलं. भुजंग आईकडं बघत होता. आईनं सुपातली तीच शेंग पुन्हा उचलली होती. ती सोलत नव्हती. दोन बोटांत नुसती धरून बसली होती.

त्या दिवशी दुकानात भुजंगचे कान तापलेले होते. मशीनचा उजेड काचेखालून सरकत जायचा आणि कोरा कागद गरम होऊन बाहेर यायचा, त्या गरम कागदाला हात लावला की त्याला वाटायचं हा आपल्याच कानाचा गरमपणा. काय एवढं झालं? तो स्वतःला समजावत होता. एक पोरगी आली, गेली. सरकार काही त्या मोबाईलनं बनत नाही. आणि आई आली त्याला झालेच किती दिवस. तिचं मत गावाकडं, रेशन गावाकडं, मग पाहुणी म्हणलं त्यात खोटं ते काय? खोटं नव्हतं म्हणूनच तर ते निस्तरता येत नव्हतं. सरळ खोटं असतं तर आई दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. लहानपणी त्यानं कोकरू हरवून लांडग्यावर घातलं होतं तेव्हा तिनं त्याला चांगलं बडवलं होतं, आणि संध्याकाळी त्याच हातानं दूध-भाकर कुस्करून दिली होती. गुलाबचंदचा फोन आला. "हो गया घर का?" भुजंग म्हणाला, "झालं. बराबर झालं." आणि बराबर हा शब्द तोंडात कडू लागला.

संध्याकाळी घरी गेला तर आई ओट्याच्या कडेला बसलेली. भिंतीला टेकून नाही, कडेला, जसं दुसऱ्याच्या दारात बसतात तसं. तो आत आला तशी उठून उभी राहिली. "बस की आये," तो म्हणाला. "बसते की," ती म्हणाली आणि बसली. जेवताना तिनं हातानं भाकर घेतली नाही. सत्यशीलानं वाढली तेवढी खाल्ली. "आणखी घ्या आत्याबाई." "न्हाई माय, पोट भरलं. ग्वाड झाली भाजी." आतापर्यंत तिनं सुनेच्या भाजीला कधी गोड म्हटलेलं नव्हतं. मीठ जास्त, तेल जास्त, हेच म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चूल पेटवायला हात लावला नाही. नाहीतर गॅस असून अंगणात तीन दगड मांडून तिचं पाणी तापवणं चालायचं. उठल्यावर तिनं अंथरुणाची घडी करून बोचक्यावर ठेवली, घोंगडी वर ठेवली, आणि विचारलं, "सत्यशीला, पाणी घेऊ का ग मी माठातलं?" सत्यशीलाच्या हातातला तांब्या तिथंच राहिला.

"हे काय लावलंय आत्याबाईनं?" सत्यशीला आत येऊन भुजंगला म्हणाली. "पाणी घेऊ का म्हणून पुसतेत. काहून बोललात तुमी तसं? आता पाव्हणीला काय पक्वान्न करू ते बी सांगा."

"हळू बोल."

"हळू काहून बोलू? त्या पोरीसमोर तर मोठ्यानं बोललात. तुमी बोललात, तुमीच निस्तरा."

पण आई रागावलेली आहे असं कुठंच दिसत नव्हतं. ती टोमणा मारत नव्हती, रुसली नव्हती, जेवत होती, शेजारणींशी बोलत होती. भुजंगची तीच तकलीफ होती. शेजारची बाई एकदा म्हणाली, "आजी, लई दिवस राहिल्या ह्या बारीला," आणि आई म्हणाली, "व्हय माय, लेकाच्या घरी पाय निघत न्हाई." गोडच बोलली. आतल्या खोलीत दाढी करणाऱ्या भुजंगनं गालावर कापून घेतलं. तिच्या वागण्यात त्याला शिक्षा दिसायची, आणि लगेच वाटायचं, शिक्षा बिक्षा काही नाही, ही तर फक्त ऐकते आहे. मोठा लेक जे म्हणाला ते ती करून राहिली. बाप गेल्यापासून ती असंच करत आली होती. जमिनीचं, लग्नाचं, मेंढरं कुठं बसवायची त्याचं, भुजंग म्हणेल ते. एक मत तेवढं तिचं होतं, ते ती सांगत नव्हती.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याला शिरगणतीचा मास्तर आठवला. कुठल्या कुठं होता तो मास्तर इतकी वर्षं, कधी आठवला नव्हता. भुजंग आठ-नऊ वर्षांचा असेल. सुगी झाली होती आणि त्यांची मेंढरं कयाधू नदीच्या अलीकडं एका पाटलाच्या रानात बसायला होती. रानात मेंढरं बसवली की लेंडीखतानं रान सुधारतं, त्याच्या बदल्यात ज्वारी मिळायची. एका रानात चार दिवस, दुसऱ्या रानात आठ. तिन्ही बाजूंनी ढेकळं आणि मधे त्यांचं पाल. सकाळी सायकलवर एक मास्तर आला, मांडीवर पुठ्ठा ठेवून त्यानं कागद लिहिले, बापानं चहा दिला, तो निघाला. आई पाण्याला गेली होती. ती आली आणि तिनं विचारलं, "किती सांगितली?" बाप म्हणाला, "आपुन दोघं, म्हातारी, भुजंग, त्याची बहीण." आईच्या पदराखाली धाकटा भाऊ सुदाम होता, तेरा-चौदा दिवसांचा. नाव ठेवायचं होतं अजून. "आन् हे?" बाप म्हणाला, "त्याचं काय लिहायचं, नाव न्हाई त्याला, आन् जगतंय का मरतंय." आईनं घागर खाली ठेवली आणि लेकरू छातीशी धरून ढेकळातून धावली. ओली बाळंतीण. भुजंग तिच्यामागं धावला. सायकल लांब गेली होती, ती हाका मारत होती, "ओ मास्तर, एक ऱ्हायलं, एक माणूस ऱ्हायलं!" मास्तर थांबला, वैतागला, म्हणाला, "बाई, एका लेकरानं देशाला काय फरक पडतो?" आई दम खात म्हणाली, "देशाला न्हाई पडत. ह्याला पडतोय." मास्तरनं सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. परत येताना आईच्या पायातून रक्त आलेलं भुजंगनं बघितलं होतं, तुऱ्हाटीचा खुंट लागला होता. ती हसत होती. तेच हसू, तेव्हा सगळे दात होते.

भुजंगनं शटर अर्धं खाली ओढलं आणि अंधारात बसून राहिला. एक माणूस राहिलं, हे आता त्याला कुणाच्या मागं धावत जाऊन सांगता येणार होतं?

त्या संध्याकाळी त्यानं धीर केला. आई देवळातून आली होती. तो तिच्याजवळ खाली बसला. "आये, त्या दिवशी ती पोरगी आली होती बघ. तुला काय सांगायचं होतं ग तिला? कोण बरा वाटतो तुला?" किती सोपं होतं. पण विचारताना आवाज असा निघाला जसा तो वार्डातल्या म्हाताऱ्यांशी काढायचा, निवडणुकीच्या दिवसांत, खांद्यावर हात ठेवून. आईनं त्याच्याकडं बघितलं. म्हणाली, "घरच्यानं इचारलं त्याला इचारणं म्हणत न्हाईत, बाबा. ते सांगणं असतंय."

मग तो रूपाला शोधत फिरला. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर ती दोन पोरींबरोबर पाणीपुरी खाताना सापडली. भुजंगनं तिला बाजूला बोलावलं. "बाई, आमच्या घरचं ते... एक माणूस ऱ्हायलं."

"काका, ते तर त्याच दिवशी वर गेलं. आता काही बदलत न्हाई."

"ती माही आई हाय. पाव्हणी न्हाई. राहते माह्याकडं."

रूपानं पाणीपुरीची वाटी खाली ठेवली. तिनं त्याला दोष दिला नाही. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पाव्हणी कुठं शेंगा सोलत बसती?" म्हणजे हिलाही कळलं होतं. त्या दिवशी ओट्यावर सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि तो एकटाच समजत होता की आपण काहीतरी झाकलं. तो म्हणाला, "तू नुसती ये. इचार तिला. मोबाईल हातात धर, लिहू नको. पण इचार."

"खोटं खोटं?"

"खरंच इचार. लिहायचं तेवढं सोड."

ती आली, दुसऱ्या दिवशी, काम संपल्यावर. आईला आनंद झाला. तिनं रूपाला जवळ बसवून घेतलं, बापाचं नाव विचारलं, आजोबाचं विचारलं, डोंगरकड्याच्या बाजूला आम्ही मेंढरं घेऊन यायचो तेव्हा तुमच्या तांड्यावरच्या बायांनी आम्हाला ताक पाजलेलं आहे, असं सांगितलं. "अन् तुमच्या कुत्र्यांनी आमची दोन मेंढरं फाडली," ती म्हणाली. रूपा म्हणाली, "मग भरपाई न्या आजी," आणि दोघी हसल्या. आईनं तिला रागिणीच्या आरशासमोर नेऊन तिच्या कानातलं बघितलं. भुजंग दाराच्या आड उभा होता. ती एकदा बोलली की झालं. ती भाऊंना शिव्या देऊ दे, समोरच्या पार्टीचं नाव घेऊ दे, मेलेल्या पुढाऱ्याचं घेऊ दे, आपण दुकानात जाऊन गुलाबचंदला तोंडावर सांगू, माझ्या घरात असंही मत आहे.

रूपानं मोबाईल काढला. गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "आजी, आता कामाचं. तुमच्या मतानं राज्याचा कारभार कुणाच्या हातात द्यावा?"

आईनं पदर डोक्यावर घेतला. दाराच्या आड भुजंगचे पाय दिसत होते, ते तिनं बघितले. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. ती रूपाच्या हातावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाली, "बाई, मला न्हाई चालत सांगायला. त्यानं त्या दिशी बराबर सांगितलं होतं. मी पाव्हणीच हाय. पोळ्याला गावाला जाऊन राहिले."

"आजी, पण काका म्हणले..."

"तो माया करतो म्हणून म्हणला असंल. पण तो खोटं बोलत न्हाई. लहानपणी एकदा बोलला, तवा मी बडवला त्याला. तवापासून न्हाई."

भुजंग आडोशातून पुढं येऊ शकला असता. ही माझी आई आहे, ही इथंच राहते, मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. परक्या पोरीसमोर आईनं त्याची लाज पदराखाली घेतली होती, आणि आता तो बोलला असता तर तीच खोटी पडली असती. हे त्याला खरंच वाटलं, का न बोलायला सापडलेलं निमित्त होतं ते, हे त्याला त्या वेळीही ठरवता आलं नाही आणि पुढंही कधी आलं नाही. सत्यशीलानं चहा आणला. चौघांनी चहा घेतला.

पोळ्याच्या आधी आई गावाला गेली. भुजंग बसस्टँडपर्यंत बोचकं घेऊन गेला. "दसऱ्याला आणायला येतो," तो म्हणाला. "ये की," आई म्हणाली, "पण मला नेऊ नको, नुसता ये." बस सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "सुनेला सांग, भाजीत मीठ लई टाकती." भुजंगला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि मग बस सेनगावच्या रस्त्याला लागल्यावर ध्यानात आलं, की हे तिनं बसमध्ये बसल्यावर सांगितलं. घरात असताना सांगितलं नाही.

दसऱ्याला जाणं झालं नाही. तिकिटांची गडबड होती. भाऊंचं नाव सर्व्हेत वर निघालं की खाली, कुणालाच कळलं नाही. तिकीट तिसऱ्याच माणसाला मिळालं आणि गुलाबचंद दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाच्या गाडीत दिसायला लागला. भुजंगही एकदा त्या गाडीत बसला. सुदामचा फोन आला तेव्हा तो वार्डात मतदानाच्या चिठ्ठ्या वाटत होता. सुदाम म्हणाला, "दादा, आये मेंढरात बसली ती उठलीच न्हाई." गावाला गेल्यावर माणसं जमलेली होती. परगावचा कुणीतरी म्हातारा म्हणाला, "भुजंगा, आई तुह्याकडंच होती ना रे हिंगोलीला?" भुजंग म्हणाला, "होती." म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, "मंग हितं काहून आली?" सुदाम त्याच्या शेजारी बसला होता, तो म्हणाला, "तिचं मत हितं होतं, म्हणून आली."

कौशल्याबाई सतरा नोव्हेंबर दोन हजार चोवीसला, रविवारी सकाळी, पुसेगावात वारली. मतदान बुधवारी होतं.